गान्सबायला मुलांना घेऊन शार्क केज डायव्हिंग, पाचपैकी चार स्टार

दक्षिण आफ्रिकेत गान्सबायला आम्ही दोन्ही मुलांना घेऊन शार्क केज डायव्हिंगला, म्हणजे पाण्यात पिंजऱ्यातून शार्क बघायला गेलो, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण क्लाईनबायच्या बंदरातून बऱ्याच कंपन्यांच्या बोटी निघतात आणि पद्धत सगळ्यांची जवळपास सारखीच, आणि मला सांगायचंय ते मुलांना नेण्याबद्दल.

पहिली गोष्ट, ग्रेट व्हाइट, म्हणजे मोठा पांढरा शार्क, दिसणारच असं मुलांना अजिबात सांगू नका. एकेकाळी ती जागा त्याच्यासाठीच जगप्रसिद्ध होती पण २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट सापडायला लागले, अंग फाडलेलं आणि आतलं यकृत गायब. ते काम ओर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं होतं. पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाचे दोन नर ओर्का आहेत, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलाय आणि दुसऱ्याचा उजवीकडे, बोटीच्या भाषेत पोर्ट म्हणजे डावी बाजू आणि स्टारबोर्ड म्हणजे उजवी, म्हणून ती नावं. शार्कचं यकृत खूप मोठं आणि तेलाने भरलेलं असतं, त्यांना तेवढंच हवं असतं. तेव्हापासून तिथले ग्रेट व्हाइट कमी कमीच होत गेले आणि आता बोटीभोवती येतात ते बहुतेक ब्रॉन्झ व्हेलर, ही शार्कचीच दुसरी जात. आमच्या कंपनीने हे बुकिंग करतानाच स्पष्ट सांगितलं, पैसे भरायच्या आधी, आणि माझे निम्मे स्टार त्यालाच आहेत. काहींच्या जाहिरातीत अजूनही जबडा उघडलेल्या ग्रेट व्हाइटचाच फोटो असतो, मुलं तो बघून येतात आणि मग बोटीवर रडारड होते. आम्ही घरीच समजावलं होतं त्यामुळे लेकीने ब्रॉन्झ व्हेलर दिसल्यावर पण तेवढ्याच जोरात आरोळी ठोकली.

वयाचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. आमच्याकडे धाकट्याला पिंजऱ्यात सोडणार नाही म्हणाले आणि मी थोडं विचारून बघितलं तरी ते हलले नाहीत, मला ते फार आवडलं. पिंजऱ्यात हवेची टाकी वगैरे काही नसते, पिंजरा बोटीला बांधलेला असतो, वरचा भाग पाण्याबाहेर, आपण गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं आणि क्रूने "डाउन" असं ओरडलं की श्वास धरून डोकं खाली घालायचं. म्हणून डायव्हिंगचं सर्टिफिकेट लागत नाही, पण मुलाला थंड पाण्यात न घाबरता श्वास धरता आला पाहिजे आणि सांगितलेलं त्याच क्षणी ऐकता आलं पाहिजे. आतल्या बाजूने धरायला दांडा असतो, हात तिथेच, बाहेर एक बोटसुद्धा नाही. क्रूमधल्या एका दादाने लेकीला वेगळं बाजूला घेऊन हे सगळं दोनदा करून घेतलं आणि मग म्हणाला, तुला नको वाटलं तर हात वर कर, लगेच बाहेर काढतो. ते ऐकून मीच निवांत झाले.

धाकटा वरच्या डेकवर बाबाबरोबर होता आणि खरं सांगते, त्याला जास्त दिसलं. पाणी हिरवट गढूळ होतं, पिंजऱ्यातून शार्क अगदी समोर आल्यावरच दिसायचा, वरून मात्र तो लांबून येताना, दोरीला बांधलेल्या माशाच्या डोक्यामागे वळताना सगळं दिसत होतं. तो क्रूला विचारत होता की शार्कला खायला का देत नाही, मासा ओढून का घेता. त्यांनी नीट बसून सांगितलं की आपण त्याला जवळ बोलावतोय, जेवण घालत नाहीये, माणसांकडून खायची सवय लागायला नको. दक्षिण आफ्रिकेत १९९१ पासून ग्रेट व्हाइटच्या शिकारीला बंदी आहे हेही त्याला तिथेच कळलं, आणि तेव्हापासून तो भेटेल त्याला हेच सांगतोय.

आता एक स्टार का कापला. वेटसूट. लेकीच्या मापाचा नव्हताच, मोठ्या मापाचा दिला, आत पाणी शिरत राहिलं आणि तिथलं पाणी बर्फासारखं गार. थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडले, तिला बाहेर काढलं, ब्लँकेट आणि गरम चॉकलेट दिलं, काळजी घेतली हे खरं, पण लहान मुलांची बुकिंग घेता तर लहान मापाचे सूट हवेतच. तुम्ही जाल तर मुलांची उंची आणि वजन आधीच कळवा आणि सूट आहे का ते लेखी विचारा.

आणि बोट लागते. जाताना फारसं नाही, नांगर टाकून उभी राहिली की खरा त्रास, बोट नुसती डुलत राहते आणि वर पाण्यात ओततात त्या माशाच्या तेलाचा वास. धाकट्याला उलट्या झाल्या, मोठ्यांपैकीही बरेच जण कठड्याला चिकटले होते. मुलांच्या डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या आधीच द्या, बोटीवर चढल्यावर देऊन उपयोग नाही. नाश्ता हलका. शार्कला घाबरून रडलेलं मूल मला एकही दिसलं नाही, थंडीने आणि मळमळीने रडलेली दिसली.

परत येताना डायर आयलंडजवळून नेलं, त्याच्या शेजारच्या गायझर रॉकवर सीलची प्रचंड वस्ती आहे, वास विचारू नका पण मुलं तिथून हलेनात.

मुलाला ग्रेट व्हाइटच बघायचा असेल तर ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनहून नेपच्यून आयलंड्सला जातात, पण तो बोटीचा प्रवास कितीतरी लांबचा आहे, बोट लागणाऱ्या लहान मुलाला मी तिथे नेणार नाही. मेक्सिकोचं ग्वादालुपे बेट काही जुन्या लेखांत अजून सुचवलेलं दिसतं, ते २०२३ पासून बंद आहे.

आमच्याकडे शार्क अजिबात दिसला नाही तर दुसऱ्या ट्रिपचं व्हाउचर असा नियम होता, पैसे परत नाहीत. बुकिंग करताना हे विचारून घ्या, आणि "शार्क" म्हणजे कोणताही शार्क की फक्त ग्रेट व्हाइट तेही विचारा, आमच्या व्हाउचरमध्ये कोणताही होता. डेकवर बसणाऱ्या मुलांचं तिकीट काही कंपन्या कमी लावतात, तेही.