आवक शिक्क्याला परवानगी समजलो

आमची सोसायटी कोथरूडला. गेटपाशी जुना पर्जन्यवृक्ष आहे, ज्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात. मेमध्ये वळवाच्या वाऱ्यात त्याची एक वाळकी फांदी स्कूटरवर पडली आणि दोनच दिवसांत एकजण दारात हजर. कार्डावर ‘ट्री सर्जन’. हातोडीने खोडावर टकटक करत म्हणाला, "काका, आतून पोकळ आहे. हा पावसाळा काढणार नाही." मला काय, घरच्या भिंतीवर ठोकलं तरी पोकळच वाटतं.

३२,००० ठरले, १८,००० आगाऊ दिले. फक्त वाळक्या आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या काढायच्या, परवानगी तोच आणणार. चार दिवसांनी त्याने उद्यान विभागाला दिलेल्या अर्जाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यावर गोल शिक्का होता. मी सेक्रेटरी, मोठ्या ऐटीत ग्रुपवर टाकलं, ‘परवानगी आली’. तो शिक्का आवक विभागाचा होता हो! अर्ज पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ. झाड बघायला महापालिकेचं कुणी आलंच नव्हतं, हेही तेव्हा खटकलं नाही.

रविवारी सकाळी सातला माणसं आली. मी दूध घेऊन परत येईपर्यंत सगळा शेंडा खाली. ओरडलो तर म्हणे, "वजन कमी केलंय." जाड फांद्या मधोमध तोडून खुंट ठेवलेले. खरं तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगवटा राखून, त्याच्या अगदी बाहेर काप घ्यायचा असतो; मग झाड कडेने नवी साल आणत जखम झाकतं. खुंट मात्र कुजत जातो. हे मला नंतर कळलं.

खुंटांना लाल ‘औषध’ लावलं, त्याचे वेगळे २,५००. आमच्या पेंटरने डबा हुंगला आणि हसायलाच लागला. ग्रीलला मारतात तो रेडऑक्साइड! ओंडके तीन टेम्पो भरून गेले, पाला आमच्या गेटात. आणि एकाही ओंडक्यात पोकळी नव्हती, मी वाकून वाकून पाहिलं. म्हणजे लाकूड आमचं, ते नेण्याचे पैसेही आम्हीच दिले.

नोटीस आली ती सोसायटीच्या नावाने. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात नुसतं बुंध्यापासून पाडणं नाही, झाडाला इजा करणंही ‘तोडणं’च धरतात. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

आता खुंटांवर झाडूसारखे फुटवे आलेत. दिसायला हिरवेगार, पण वरवर सालीपाशीच धरलेले. जाड झाले की वाऱ्यात सोलून निघतात. त्यातले मोजके ठेवून बाकीचे काढायला हवेत. त्यासाठी अर्ज या वेळी मी स्वतः देऊन आलोय. आवक शिक्का मिळालाय, पाहणीची वाट बघतोय.