सॅन फ्रान्सिस्कोचे चढ: सेगवे, ई-बाइक, केबल कार की आपले पाय?

सॅन फ्रान्सिस्को नकाशावर फसवं दिसतं. रस्ते सरळ, चौक काटकोनात, आणि हॉटेलपासून समुद्र जेमतेम दोन किलोमीटर. नकाशा उंची सांगत नाही, तिथेच गफलत होते. हाइड आणि लेव्हनवर्थ यांच्यामधल्या फिल्बर्ट स्ट्रीटचा चढ ३१.५ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साडेएकतीस मीटर वर. अशा रस्त्यांवर काही ठिकाणी फूटपाथला चक्क पायऱ्या केल्या आहेत. मग पर्यटक विचार करतो की चढ चढण्यापेक्षा सेगवेची, म्हणजे उभं राहून चालवायच्या दोन चाकी विजेच्या गाडीची, टूर घेऊ, मशीनच वर नेईल.

सेगवे घ्यायचं हे कारण चुकीचं आहे. टूर वाईट असते असं नाही, पण तिची खरी मजा सपाट किनाऱ्यावर आहे आणि टेकडीवर ती सर्वांत जास्त कसब मागते. चढासाठी दुसरे पर्याय बरे. आणि नवख्याला खरा त्रास देतो तो उतार.

सेगवे: चालतो कसा आणि अडतो कुठे

टूरवाल्यांकडे साधारणपणे २००६ साली आलेलं आय-टू हे मॉडेल असतं. मशीनचं वजन सुमारे ४७ किलो, कमाल वेग ताशी २० किलोमीटर, आणि दोन चाकं एकापाठोपाठ नसून शेजारी शेजारी. आत जायरोस्कोप आणि कल मोजणारे सेन्सर असतात. तुमचं वजन पुढे गेलं की चाकं पुढे पळून तुमच्या तोलाखाली येतात, मागे गेलं की वेग कमी होतो. वेगळा ब्रेक नाही, वेगळा अ‍ॅक्सिलरेटर नाही. वळायचं तर हँडलचा दांडा त्या बाजूला कलवायचा.

वर जाताना हे सोपं असतं. थोडं पुढे झुका, मोटर काम करते. खाली येताना वजन मागे न्यावं लागतं: गुडघे वाकवून, खुर्चीवर टेकायला निघाल्यासारखं. नवख्याचं शरीर नेमकं उलट करतं. भीती वाटली की माणूस हँडल घट्ट धरून त्यावर रेलतो, आणि रेलला की गाडी आणखी पळते. गाइड सरावात ‘मागे बसा, मागे बसा’ असं पुन्हा पुन्हा सांगतो ते याचसाठी.

वेगाची मर्यादा जवळ आली की हँडल तुमच्या अंगावर येऊ लागतं. हा बिघाड नाही. तुमचं वजन मागे ढकलून मशीन स्वतःचा वेग आवरत असते. त्या वेळी हँडलला उलटा जोर लावणारा माणूस पुढच्या पुढे तोंडावर आपटू शकतो, कारण मोटरकडची सगळी ताकद संपली की चाकांना तुमच्या तोलाखाली यायला काही उरत नाही. ते आपल्याकडे येतंय तर येऊ द्यायचं, बस्स.

वजनाची अटही याच गणितातून येते. या मॉडेलला चालवणाऱ्याचं वजन ४५ ते ११८ किलोंच्या दरम्यान लागतं. ४५ किलोंपेक्षा हलका माणूस कितीही मागे झुकला तरी मशीनला पुरेसा इशारा मिळत नाही आणि उतारावर ती नीट थांबत नाही. फार जड माणसाला सावरताना मोटर अपुरी पडते. टूरवाला वजन विचारतो तेव्हा लाजून चार किलो इकडचे तिकडे करू नका. घरातला बारीक चणीचा शाळकरी मुलगा वयात बसला तरी वजनात बसतोच असं नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी त्याला काट्यावर उभं करा.

बॅटरीचीही एक गोम आहे. उतारावर मोटर उलटी फिरून बॅटरीत वीज परत भरते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल आणि लगेच मोठा उतार लागला, तर ही वीज साठवायला जागा नसते आणि मशीन सुरक्षिततेसाठी थांबायला निघते. हँडल थरथरतं, लाल इशारा दिसतो, वेग उतरतो. अशा वेळी लगेच एकेक पाय मागे टाकून उतरायचं, कारण काही सेकंदांनी मशीन तोल धरणं सोडून देते. म्हणून फिशरमन्स व्हार्फसारख्या पायथ्याच्या जागेवरून निघणारी टूर ही टेकडीच्या माथ्यावरून निघणाऱ्या टूरपेक्षा कधीही बरी: आधी चढ, मग उतार.

बहुतेक पडापडी मात्र इतक्या नाट्यमय कारणांनी होत नाही. एक चाक फूटपाथच्या कडेला किंवा खांबाला अडतं, दुसरं पुढे जातं, आणि मशीन जागच्या जागी गरकन फिरते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे उतरताना एक पाय जमिनीवर, दुसरा अजून प्लॅटफॉर्मवर, आणि हात हँडलवर टेकलेले. मशीनला वाटतं पुढे जायचंय. ती निघते आणि चाक घोट्यावर येतं. म्हणून पहिल्या खेपेला चढताना आणि उतरताना गाइडने दांडा धरलेला असावा. तो लांबून सूचना देत असेल तर स्पष्ट बोलवा.

फूटपाथ इथे मिळत नाही

इतर शहरांत सेगवे केलेल्यांना ही गोष्ट माहीत नसते. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ सालीच फूटपाथवर सेगवे चालवायला बंदी घातली. त्यामुळे टूर रस्त्याने आणि सायकलच्या पट्ट्यातून जाते, शेजारून मोटारी चाललेल्या असतात. ज्याने कधी रहदारीत दुचाकी चालवलेली नाही, त्याला मशीनपेक्षा याचाच ताण जास्त येतो.

शिवाय रस्त्यात केबल कारचे रूळ आहेत, आणि दोन रुळांच्या मधोमध केबलची खाच. या पट्ट्या तिरप्या ओलांडल्या की चाक घसरतं किंवा अडकतं, काटकोनात ओलांडल्या तर जाणवतही नाही. धुक्याने किंवा पावसाने लोखंड ओलं झालं असेल तर वेग आणखी कमी करा. ई-बाइकलाही हाच नियम लागू आहे, आणि तिचं पातळ चाक खाचेत जास्त सहज जातं.

लोंबार्ड स्ट्रीटच्या आठ वळणांवरून सेगवेने उतरण्याचे फोटो जाहिरातींत दिसतात. मूळ चढ २७ टक्के, तो मोटारींना झेपेना म्हणून १९२२ साली ही वळणं काढली. सेगवेने तिथून उतरता येतं, पण ते आधी सेगवे चालवलेल्यांचं काम. पहिल्यांदाच घेणाऱ्याला कोणी पहिल्या तासातच तिकडे नेत असेल, तर त्या टूरला नाही म्हणावं. खालून किंवा वरून पायी बघितलं तरी वळणं तीच दिसतात.

नवख्यांसाठी उत्तम टप्पा म्हणजे अ‍ॅक्वाटिक पार्ककडून पश्चिमेला मरीना ग्रीन आणि पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सच्या दिशेने. बऱ्यापैकी सपाट, डावीकडे शहर, उजवीकडे खाडी, अल्कॅट्राझ बेट, समोर गोल्डन गेट पूल. हे अंतर पायी कंटाळवाणं होतं आणि बसमधून निसटतं, सेगवेला मात्र अगदी मापाचं आहे. गोल्डन गेट पार्कमधली टूरही याच जातीची: लांबलचक बाग आणि मोटारींना बंद असलेला मोठा रस्ता.

एक हिशेब आधीच करून ठेवा. अडीच-तीन तासांच्या टूरमध्ये अर्धा-पाऊण तास कागदपत्रं, हेल्मेट आणि सराव यात जातो. हा सराव कापून ‘जास्त फिरवतो’ म्हणणारा गाइड तुमचं भलं करत नाहीये.

ई-बाइक: पूल ओलांडायचा असेल तर हीच

सेगवेची टूर गोल्डन गेट पुलावर जात नाही, पूल लांबून दाखवते. पुलावरून २.७ किलोमीटर जाऊन पलीकडे सॉसलिटो गावाला उतरायचं आणि फेरी बोटीने परत यायचं, हा बेत असेल तर तुलना तिथेच संपते. व्हार्फपासून सॉसलिटोपर्यंत साधारण १३ किलोमीटर. क्रिसी फील्ड या किनाऱ्यालगतच्या मैदानावरून पुलाच्या तोंडाशी चढताना मोटरची मदत खरी कामाला येते. साध्या सायकलीवरून आलेले लोक तिथे हातात सायकल धरून चालताना दिसतात.

ई-बाइकचा मोठा फायदा म्हणजे तुम्हाला ती आधीच येते. ब्रेक हाताशी असतात, घाबरल्यावर हात आपोआप तिकडे जातात. मात्र गाडी २०-२५ किलोंची असते, म्हणून उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासत ठेवले तर ब्रेक तापून पकड कमी होते. गिअर चढ सुरू होण्याआधीच हलका करा, अर्ध्या चढावर जोर देत असताना बदलला तर साखळी कुरकुरते, कधी उतरते. पूल संपल्यावर सॉसलिटोकडे जाणारा अलेक्झांडर अ‍ॅव्हेन्यूचा उतार तीव्र आहे आणि शेजारून मोटारी जातात. सगळ्या वाटेत सांभाळण्यासारखी जागा ती.

पुलाच्या कोणत्या बाजूने सायकल न्यायची हे वार आणि वेळेप्रमाणे बदलतं, तिथले फलक वाचा. फेरी बोटीत सायकलींना जागा येईल तशी मिळते आणि उन्हाळ्यातल्या सुटीच्या दुपारी रांग लागते. फेरी बिल्डिंग या बोटींच्या धक्क्याला उतरलात तर व्हार्फपर्यंत आणखी सुमारे तीन किलोमीटर किनाऱ्याने सायकल चालवायची असते. भाड्याची वेळ संपायच्या हिशेबात हे धरा.

गाइड नसतो हा तोटा. शहराची गोष्ट सांगणारं कोणी हवं असेल तर सायकलीचीही गाइडेड टूर मिळते, पण सेगवेच्या टूरमध्ये एका कानात रिसीव्हर लावून चालता चालता ऐकता येतं, ते सायकलीवर तितकं जमत नाही.

केबल कार

टेकड्या बघायच्या असतील तर त्यांच्याचसाठी केलेलं हे वाहन आहे. १८७३ पासून तत्त्व तेच: रस्त्याखालून ताशी सुमारे १५ किलोमीटरने सतत धावणारी केबल, आणि ग्रिपमन, म्हणजे गाडी चालवणारा, मोठ्या लिव्हरने तिला पकडतो किंवा सोडतो. उतारावरही हीच केबल गाडीला आवरून धरते. जोडीला चाकांचे ब्रेक आणि रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळे असतात. तुम्हाला शिकायचं काही नाही, फक्त दांडा धरायचा.

अडचण रांगेची आहे. पॉवेल आणि मार्केट रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या टर्नटेबलवर (गाडीचं तोंड फिरवायची गोल चकती) दुपारी तासभर सहज जातो. सकाळी लवकर जा, नाहीतर कॅलिफोर्निया स्ट्रीटची लाइन घ्या, तिथे गर्दी कमी असते आणि चढ तितकेच दणकट. एकेरी तिकीट साध्या बसच्या दुपटीहून महाग आहे आणि बसचं ट्रान्सफर त्यात चालत नाही. दोन-तीन वेळा बसायचं असेल तर पासपोर्ट नावाचा एक किंवा अनेक दिवसांचा पास परवडतो. वाटेत वॉशिंग्टन आणि मेसनच्या कोपऱ्यावर केबल कार म्युझियम आहे. ते फुकट आहे, आणि चारही केबल ओढणारी प्रचंड चाकं तिथे चालू स्थितीत दिसतात. यंत्रांची आवड असलेल्याने हे चुकवू नये.

पायी जाण्याबद्दल फार लिहायला नको. टेलिग्राफ हिल, कॉइट टॉवर आणि फिल्बर्टच्या पायऱ्या यांना चाकं उपयोगाची नाहीत. बसने वर जावं आणि पायऱ्यांनी खाली यावं. गुडघे कुरकुरत असतील तर उलट करा, उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो.

कोणी काय घ्यावं

दोघं-तिघं प्रौढ, तब्येतीने ठीक, नवीन यंत्र शिकण्याची हौस: सेगवे, किनाऱ्याचा मार्ग, सकाळची वेळ. सकाळची अशासाठी की दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. सेगवेवर तुम्ही उभे असता, त्यामुळे तो सगळा छातीवर येतो.

आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबर असतील तर सेगवेचा विषय काढूच नका. लहान मुलांना घेत नाहीत, गरोदर बाईला घेत नाहीत, आणि ज्याचा तोल किंवा गुडघे कच्चे आहेत त्याने आपणहून घेऊ नये. अशा कुटुंबाला कॅलिफोर्निया लाइन आणि पास. फक्त केबल कारच्या बाहेरच्या पायरीवर उभं राहण्याचा मुलांचा हट्ट मोडून काढा.

सायकलीची सवय असेल आणि पूर्ण दिवस मोकळा असेल तर ई-बाइकच. अर्धाच दिवस असेल तर सॉसलिटो धावपळीचं होतं, तेव्हा पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत या.

सेगवे ठरवलाच, तर बुकिंगआधी

मशीन कोणती ते विचारा. सेगवे पीटीचं (आय-टू याच मालिकेतलं) उत्पादन जुलै २०२० मध्ये बंद झालं, म्हणजे आज टूरवर असलेलं प्रत्येक जुनं मशीन काही वर्षं राबलेलं आहे. बॅटऱ्या कधी बदलल्या या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा टूरवाला विश्वासाचा. काहींनी आता हँडलऐवजी गुडघ्यांनी वळणारी किंवा वेगळीच मशीन घेतली आहेत, त्यांचा वेग आणि वजनाच्या अटी वेगळ्या असतात.

एका गाइडमागे किती जण, हेही विचारा. रहदारीत आठाच्या वर माणसं असली की शेपूट सिग्नलला तुटतं, आणि मागे राहिलेला माणूस गाठायला म्हणून वेग वाढवतो. सुरुवातीला मशीन शिकाऊ सेटिंगवर ठेवतात का? त्यात वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास अडवलेला असतो, आणि पहिला तास तो पुरेसा आहे.

प्रवास विमा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पॉलिसीत मोटर असलेल्या वाहनांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, कारण टूरवाला सही घेतो त्या कागदावर जबाबदारी बहुतेक तुमच्याकडेच ढकललेली असते.

सपाट तळव्याचे बंद बूट, वाऱ्याला अडवणारं जॅकेट (जुलैतही, इथला उन्हाळा थंडच असतो), आणि पिशवी पाठीला. हँडलला जास्तीत जास्त साडेचार किलो लटकवता येतं, पण काहीच न लटकवलेलं चांगलं, लोंबणारी पिशवी दांडा एका बाजूला ओढते आणि मशीन त्या बाजूला वळू पाहते. पावसाचा अंदाज असेल तर तारीख बदलून मिळते का ते बुकिंगच्या अटींत पाहून ठेवा. हलक्या पावसात बऱ्याच टूर रद्द होत नाहीत, आणि तेव्हा रूळ सर्वांत निसरडे असतात.