वाटी फुटलीये: वायर, स्क्रू, प्लेट की नुसता ब्रेस?

गुडघ्याची वाटी फुटली की पुण्यात साधारण असं होतं, पहिले डॉक्टर म्हणतात टेन्शन बँड वायरिंग करून टाकू, सेकंड ओपिनियनला गेलात की दुसरे म्हणतात आता प्लेट मिळते ती टाका, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलेले काका सांगतात आमच्या साडूला काहीच केलं नव्हतं, नुसतं प्लास्टर, आता रोज पर्वती चढतो. तिघंही बरोबर असू शकतात, कारण तिघं वेगवेगळ्या तऱ्हेने फुटलेल्या वाटीबद्दल बोलत असतात. मी डॉक्टर नाही, भोसरीत जिग-फिक्श्चरचं डिझाइन करतो, पण आईची वाटी फुटली तेव्हा सर्जनना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी कागद घेऊन आकृत्याच काढून दिल्या. त्यातून आणि नंतर जे वाचलं त्यातून हे लिहितोय, ज्यांना येत्या दोन-चार दिवसांत ठरवायचंय त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आडवं फ्रॅक्चर, दोनच तुकडे आणि हाड बरं असेल तर पोकळ स्क्रू आणि त्यातून ओवलेली वायर. चार-पाच तुकडे असतील तर प्लेट. तुकडे सरकलेच नसतील आणि पाय सरळ उचलता येत असेल तर ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. आणि जुनी के-वायरवाली (हाडात घालायच्या बारीक सरळ सळया) टेन्शन बँडची पद्धत वाईट अजिबात नाही, पण ती कुणाच्या हातून होतेय यावर फार अवलंबून आहे.

आता हे असं का, त्यासाठी वाटीचं काम समजून घ्यायला लागतं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीला वरून ओढतो, खालून जाड शिर (टेंडन, रक्ताची नव्हे) नडगीच्या हाडाला जाते, मध्ये वाटी. ती त्या शिरेला गुडघ्याच्या आसापासून पुढे ढकलून धरते, म्हणजे त्याच ओढीत जास्त टॉर्क, म्हणजे पाय फिरवायचा जोर, मिळतो. पाय पूर्ण सरळ असताना या फायद्यातला जवळजवळ 30 टक्के वाटा एकट्या वाटीचा असतो. पूर्वी फुटलेली वाटी सरळ काढून टाकायचे, आता तसं करत नाहीत ते याचमुळे, वाटी गेली की पाय सरळ करायची ताकद खूप पडते, काहींची निम्म्यापर्यंत. त्यात पाय सरळ करताना शेवटचे 15 अंश सगळ्यात महाग, तिथे स्नायूला आधीपेक्षा साधारण 60 टक्के जास्त जोर लावावा लागतो. ऑपरेशननंतर बरेच जण म्हणतात ना, पाय उचलतो पण शेवटचं थोडं राहून जातं, ते हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे दाब. वाटीची मागची बाजू मांडीच्या हाडावर घसरते आणि तिथली कूर्चा शरीरातली सगळ्यात जाड, चार-पाच मिलिमीटरपर्यंत. उगीच जाड नाहीये. सपाट रस्त्यावर चालताना त्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो, जिना चढता-उतरताना तिपटीच्या घरात जातो आणि पूर्ण उकिडवं बसलं की सात-आठ पट. म्हणून मागच्या पृष्ठभागावर दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी डॉक्टर कुरकुरतात, एक्स-रेत आपल्याला ती दिसतही नाही पण प्रत्येक जिन्याला ती कूर्चा घासणार असते.

तर आता पर्याय. सगळ्यात आधी ऑपरेशन न करण्याचा, कारण तो कुणी नीट सांगत नाही. तुकड्यांमधली फट तीन मिलिमीटरच्या आत, मागची पायरी दोनच्या आत आणि झोपून गुडघा न वाकवता पाय वर उचलता येतोय, असं असेल तर सरळ ब्रेस किंवा प्लास्टर, चार ते सहा आठवडे, आणि त्यात वजन टाकून चालायलाही देतात. पाय उचलता येणं म्हणजे वाटीच्या दोन्ही बाजूंनी जाणारे पडदे शाबूत आहेत, हाड तुटलं तरी ओढ त्यांच्यातून खाली पोचतेय. पण पडल्यापडल्या दुखण्यामुळेच पाय उचलता येत नाही, मग घरचे घाबरतात की झालं, ऑपरेशन. अशा वेळी सांध्यात साठलेलं रक्त सुईने काढून तिथे भूल देऊन परत उचलायला सांगतात, मग खरं काय ते कळतं. आणि एक, वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात काहींना लहानपणापासून न जुळलेला वेगळा तुकडा असतो, त्याच्या कडा गोल गुळगुळीत दिसतात, ते फ्रॅक्चर नव्हे.

आता टेन्शन बँड. हे ज्यांना मेकॅनिक्स आवडतं त्यांच्यासाठी सुंदर प्रकरण आहे. तत्त्व फ्रीड्रिख पाउवेल्स नावाच्या जर्मन सर्जनने मांडलं आणि नंतर स्वित्झर्लंडच्या एओ या हाडांच्या सर्जनांच्या गटाने ते आजच्या रूपात आणलं. गुडघा वाकला की मांडीचं हाड वाटीला मागून टेकू देतं आणि वरून-खालून शिरा ओढतात, त्यामुळे वाटी वाकायला बघते आणि फट पुढच्या बाजूला उघडते. मग पुढच्याच बाजूला घट्ट वायर टाकली तर पुढचा ताण वायर घेते आणि मागची बाजू, म्हणजे सांध्याकडची, एकमेकांवर दाबली जाते. हलवल्याने फ्रॅक्चर उघडायच्या ऐवजी मिटतं. दोन के-वायर, 1.6 ते 2 मिलिमीटरच्या, उभ्या समांतर घालायच्या आणि त्यांच्या टोकांमागून एक मिलिमीटरच्या आसपासची स्टीलची वायर इंग्रजी आठच्या आकारात पुढून फिरवून पिळायची. सामान स्वस्त, कुठल्याही ऑपरेशन थिएटरात असतं, बहुतेक सर्जन हेच करत करत शिकलेले.

कागदावर एकदम चोख. पण यात दोन अटी लपलेल्या आहेत. एक, मागची बाजू दाब घ्यायला धड असली पाहिजे, तिथे चुरा असेल तर वायर आवळली की वाटी दुमडूनच जाते. दुसरी, गुडघा सरळ असताना मागून टेकूच नसतो, त्यामुळे वाकण्याचा प्रश्न नाही, नुसती ओढ असते, आणि ती धरायला या गुळगुळीत के-वायर, ज्यांना आटेच नाहीत. त्या हळूहळू सरकतात. सगळा दाब खरंच मागे पोचतो का यावरही प्रयोगशाळेत चाचण्या करणाऱ्यांनी शंका घेतलीये, पुस्तकातल्या आकृतीइतकं ते स्वच्छ होत नाही.

खरा घोळ मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो. आमच्या ओळखीत एकांचं ऑपरेशन आधी दुसरीकडे झालं होतं, त्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे आईच्या सर्जननी लाइट बॉक्सवर लावून दाखवला. वायरचं वळण वरच्या बाजूला हाडाला टेकलेलंच नव्हतं, मध्ये शिरेची जाडी सुटलेली, काळी पट्टी स्पष्ट दिसत होती. ऑपरेशनच्या दिवशी वायर घट्टच असणार, पण चालायला लागल्यावर ती मऊ शिरेत रुतत गेली आणि रुतली तेवढी सैल झाली, आणि सैल झाली तेवढी फ्रॅक्चरची फट उघडली. पुढे वायर पिळाजवळ तुटली. ती नंतर काढलेली वायर त्या ओळखीच्यांनी औषधाच्या डबीत ठेवलीये, तुटलेली जागा सपाट आहे, लांब ओढून बारीक झालेली नाही, म्हणजे एका झटक्यात ओढून तुटलेली नाही, रोजच्या हलण्याने थकून तुटलेली. आमच्या लाइनीत असा पीस आला की आम्ही मटेरियलला शिव्या देत नाही, आधी बसवलं कसं होतं ते बघतो. तेव्हा ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत बाजूचा व्ह्यू मागून घ्या आणि वायर हाडाला चिकटलीये का तेवढं बघा, हे कुणालाही कळतं.

स्क्रू आणि वायर या जोडीचं म्हणणं असं की के-वायरच्या जागी दोन पोकळ स्क्रू घालायचे, बहुतेक 4 मिलिमीटरचे, आणि वायर त्यांच्या पोटातून ओवून पुढे आठ करायचा. स्क्रूला आटे असल्यामुळे तो दोन तुकडे सुरुवातीलाच एकमेकांवर खेचतो आणि पाय सरळ असतानाची ओढही तोच धरतो, वाकवताना वायर मदतीला येते, म्हणजे दोघांनी कामं वाटून घेतली. वायर थेट हाडातून बाहेर पडते म्हणून वरची ती शिरेत रुतण्याची भानगडही कमी. 1997 सालच्या एका अभ्यासात मृतदेहांच्या वाट्यांवर तिन्ही प्रकार तुटेपर्यंत ताणून बघितले होते, के-वायरचा टेन्शन बँड सरासरी 395 न्यूटनला गेला, नुसते स्क्रू 554 ला आणि स्क्रू-वायर जोडी 732 ला. अर्थात मशीनवरची वाटी आणि आपल्या आईची साठीतली ठिसूळ वाटी यात फरक असतोच, आकडा जसाच्या तसा घेऊ नका, क्रम घ्या. यातली काळजीची गोष्ट एकच, स्क्रूचं टोक हाडाबाहेर डोकावता कामा नये, थोडं आतच राहिलं पाहिजे, नाहीतर त्या धारेवर वायर घासून घासून तुटते. आणि तुकडा फार लहान असेल किंवा हाड फारच पोकळ असेल तर स्क्रूला पकड मिळत नाही.

आईला हेच केलं. दोन तुकडे होते, सरळ केस.

प्लेटची पाळी येते जेव्हा वाटीचे अनेक तुकडे असतात, म्हणजे कारच्या डॅशबोर्डवर गुडघा आपटला, असलं काहीतरी. इथे टेन्शन बँडची पहिली अटच मोडलेली असते, मागे दाब घ्यायला अखंड हाडच नाही. पातळ प्लेट पुढून बसते, तिचे लहान लहान स्क्रू प्लेटमध्येच लॉक होतात त्यामुळे प्रत्येक तुकडा आहे त्या जागी धरून ठेवला जातो, दाबून मिटवायची गरज पडत नाही. परत परत वाकवून-सरळ करून केलेल्या चाचण्यांत प्लेट वायरपेक्षा कमी सैल पडते असं दिसलंय. उलट बाजूला, चीर आणि हाडावरचं सोलणं जास्त होऊ शकतं, खर्च बराच जास्त, आणि हे नेहमी करणारा सर्जन हवा. साध्या दोन तुकड्यांसाठी कुणी प्लेटच घ्या म्हणून मागे लागलं तर का म्हणून विचारा. कारण पटण्यासारखं असेलही, पण विचारा. आणि प्लेट सुचवणाऱ्याने सीटी स्कॅन केलेला नसेल तर तोही विचारा, साध्या एक्स-रेत दोन दिसणारे तुकडे सीटीत पाच निघू शकतात.

धातूऐवजी जाड, न विरघळणारा विणीचा दोरा वापरणारेही आहेत, स्क्रूतून ओवून नाहीतर हाडात भोकं पाडून. दोऱ्याची ताकद वायरला टक्कर देण्याइतकी निघालीये काही चाचण्यांत, आणि टोचत नाही हा मोठा फायदा. कारण वाटीवर कातडीच्या खाली मांस असं काही नसतंच, वायरची टोकं आतून टोचतात, आणि वाटी जुळली तरी ते सामान काढायला दुसरं ऑपरेशन अनेकांना करावं लागतं, के-वायरवाल्यांना जास्त. जे गुडघे टेकून नमाज पढतात, फरशी पुसतात, वाकून टाइल्स बसवायचं काम करतात त्यांनी हा मुद्दा सर्जनला आधीच सांगावा, नंतर नव्हे. कृश, वयस्कर बायकांनीसुद्धा.

खालचं टोक चुरडलं असेल तर कधी कधी तेवढा चुरा काढून शिर उरलेल्या हाडाला भोकं पाडून शिवतात. ते टोक सांध्याला टेकत नाही म्हणून चालून जातं. पण वाचवता येत असेल तर वाचवलेलं बरं, शिर आखूड झाली की वाटी खाली ओढली जाते.

पैशांचं. के-वायर सगळ्यात स्वस्त, मग स्क्रू, मग प्लेट. मेडिक्लेम असेल तर टीपीए डेस्कला (हॉस्पिटलातलं विम्याचं काउंटर) सही करायच्या आधी इम्प्लांटचं नाव लिहून विचारा, महात्मा फुले योजनेतून होत असेल तर पॅकेजमध्ये कुठलं इम्प्लांट बसतं ते विचारा. इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या, पुढे काढायची वेळ आली तर त्या सर्जनला स्क्रूचं डोकं कुठल्या मापाचं हे माहीत असणं फार सोयीचं पडतं.

कुठलंही केलं तरी ब्रेस सरळ लॉक करून वॉकर धरून वजन टाकायला बहुतेक लवकर देतात, कारण सरळ पायावर उभं राहिलं की वाटीवर फार काही येत नाही, घाबरायचं ते वाकलेल्या पायाने खुर्चीतून उठायला आणि जिन्याला. वाकवणं किती दिवसांनी सुरू करायचं हे मात्र पकड किती पक्की बसलीये ते सर्जनने आत डोळ्यांनी बघितलेलं असतं, तेव्हा ऑपरेशन संपल्यावर टेबलावर गुडघा किती अंशांपर्यंत वाकवून बघितला आणि फट उघडली का, हा एक प्रश्न विचारून उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. फिजिओला त्याच आकड्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आमच्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं.