अंगणातल्या काँक्रीटचे डाग: अ‍ॅसिड, ब्लिचिंग की सोडा?

दुकानात जाऊन "अंगणातले डाग निघून नाही राह्यले" म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: "अ‍ॅसिड मारा, चकचक होते." होतंही. पण हे अ‍ॅसिड (म्हणजे फरशी धुवायचं हायड्रोक्लोरिक) नुसता डाग काढत नाही, तो ज्या सिमेंटात मुरला ते सिमेंटच खातं. टाकल्याबरोबर येणारा फेस मळाचा नसतो, कोब्यातल्या चुन्याचा असतो. वरची घोटाई गेली की रेती उघडी पडते आणि त्या खरबरीत जागेवर पावसाळ्यात शेवाळ आणखी घट्ट धरतं. म्हणून माझ्या मते अ‍ॅसिड सगळ्यात शेवटी, आणि आधी डाग कशाचा आहे ते पाहायचं.

ट्रॅक्टरखालच्या काळ्या ऑइलवर अ‍ॅसिड जवळजवळ निरुपयोगी. डिझेलनं पुसणारे बरेच आहेत, त्यानं ऑइल पातळ होऊन आणखी खोल जातं. प्रेशरचा पंप वरवरचं धुतो, पण मुरलेलं ऑइल तसंच राहतं. इथे धुण्याचा सोडा जिंकतो. डाग ताजा असेल तर आधी राख, लाकडाचा भुसा किंवा बारीक कुटार टाकून ऑइल शोषून घ्या. जुना असेल तर सोडा आणि राखेचा दाट लेप द्या, वर खताची रिकामी थैली झाकून रात्रभर ठेवा, सकाळी साबणाच्या गरम पाण्यानं खराट्यानं घासा. एका लेपात काम होईलच असं नाही. दोन-तीन वेळा करायची तयारी ठेवा.

वखर, नांगराचा फाळ किंवा लोखंडी खाट पावसात राहिली की तांबूस गंज उतरतो. त्यावर ब्लिचिंग पावडर अजिबात नको, उलट डाग पक्का होऊ शकतो. हलक्या डागाला लिंबूसत पुरतं. जुन्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड घ्या: लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम, थोडा वेळ ठेवून ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. पूड विषारी आहे, हातमोजे हवेतच. धुतलेलं पाणी ढोरांच्या टाक्याकडे जाऊ देऊ नका.

शेवाळ आणि खर्र्याच्या पिचकाऱ्यांवर मात्र ब्लिचिंग पावडरच बरी. स्वस्त आहे, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. पुडी उघडी राहिली तर जोर जातो, म्हणून ताजी घ्या. पाण्यात कालवून पसरा, १५-२० मिनिटांनी घासा. तुळशीच्या मुळाशी ओघळ जाऊ देऊ नका. शेवाळापुरता प्रेशर पंपही चांगला, फक्त नोझल फूटभर दूर धरा, नाहीतर पातळ घोटाई उडते. गोठ्याच्या कोब्यावर ब्लिचिंग टाकण्याआधी जागा साध्या पाण्यानं नीट धुवा, कारण गोमूत्राशी मिसळल्यावर डोळे-छाती जाळणारा वायू निघतो. ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र करणं तर त्याहून घातक. त्यातून क्लोरीन निघतो. एक वापरल्यावर दुसरं त्याच दिवशी त्या जागेवर नको.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोरच्या पाण्याचे पांढरे चट्टे दिसतात. तेच पाणी मारून धुणाऱ्यांचं मला नवल वाटतं: क्षार पुन्हा सुकून वर येतात. आधी कोरडा ब्रश मारून पूड झाडून काढा, उरलेल्याला लिंबूसताचं पाणी लावा, आणि शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं केलं तर उत्तम.

अ‍ॅसिडची पाळी आलीच तर एक भाग अ‍ॅसिड, दहा भाग पाणी, आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. कोबा आधी ओला करा म्हणजे अ‍ॅसिड खोल शोषलं जात नाही. नंतर सोड्याच्या पाण्यानं उतारा द्या. नव्या काँक्रीटला निदान २८ दिवस हात लावू नका.

वेळ सकाळची. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी टाकलेलं कुठलंही द्रावण काम करायच्या आधीच वाळतं आणि स्वतःचाच डाग सोडतं. आणि काहीही वापरा, आधी जिन्याखालच्या किंवा मागच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहा. रंग फिका पडला तर तो तिथेच पडलेला बरा, फाटकासमोर नको.