नऊ महिन्याचं गंगाफळ आणि साडेपाच फुटाचं केळं

आमच्या जळगावात हॅलोविनचा ड्रेस शिवून मिळेल असं वाटलं नव्हतं, पण पुण्याला बहिणीच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरची पार्टी होती, मग फुले मार्केटमधून कापड घेतलं आणि घराजवळच्या शिवणवाल्या मावशींना मोबाईलवर लाल भोपळ्याच्या ड्रेसचा फोटो दाखवला. मावशी म्हणे, "हे तर गंगाफळ शे ना वं!" हो मावशी, तेच, पोरीला घालायचंय.

माप घेताना डायपर काढू दिला नाही, त्याच्यावरूनच टेप फिरवला, नाहीतर बसल्यावर खाली ताणतं म्हणे. आतून मऊ सुती अस्तर, खांद्यावर बटणाऐवजी वेल्क्रो (बटण तोंडात जातं), आणि मांडीत चेनऐवजी टिचबटणं कारण पार्टीत दोनदा तरी बदलावं लागणारच. फुगीरपणासाठी कापूस नाही भरला, घेरात नुसतं इलास्टिक टाकून चुण्या पाडल्या, म्हणून ऑक्टोबरच्या गरमीत पोरगी रडली नाही.

आमच्या ह्यांचं केळं मात्र फसलं. जळगावचा माणूस म्हणून हौसेने केळं सांगितलं, तर हात वर केला की काखेत उसवायचं, आणि बसता तर येतच नव्हतं, पूर्ण पार्टी उभ्याने काढली बिचाऱ्यांनी. वरून एक दिवस उशीर, ट्रायलला वेळच नाही उरला.

दोन्हीची शिलाई १,१०० घेतली, कापड आपलं. लहान मुलांचं डोळे झाकून द्या. मोठ्यांचं द्यायचं तर आठ दिवस आधी, आणि तिथंच बसून बघा.