सीताबर्डीतली ड्रायव्हर-सेवा: हात चांगला, एक खोड वाईट

नागपुरात सीताबर्डीच्या कॉम्प्युटर बाजारातल्या या छोट्या दुकानात लॅपटॉप फॉरमॅट करून ड्रायव्हरही (विंडोजला लॅपटॉपचे भाग चालवायला लागणारी छोटी सॉफ्टवेअरं) टाकून मिळतात. क्रम बरोबर असतो: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, शेवटी साउंड नि टचपॅड. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये विंडोजच्या सेटअपला एसएसडी दिसतच नाही; काही जण तिथेच ‘डिस्क गेली’ म्हणून मोकळे होतात. इथे व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’मधून देतात. (नुसती एक्सई फाइल चालत नाही, आयएनएफ, म्हणजे ड्रायव्हरची माहिती देणारी फाइल, असलेलं उघडलेलं फोल्डरच लागतं.) वायफाय उठलं नाही, तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने मोबाइलचं इंटरनेट.

खटकतं ते हे, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत) ड्रायव्हर नसलेल्या भागांपुढे उरलेल्या पिवळ्या उद्गारचिन्हांवर सरसकट ड्रायव्हर-पॅक, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांचा एकगठ्ठा संच, चालवतात. भलताच ड्रायव्हर बसला की आवाज चिरकतो, टचपॅडवर दोन बोटांचं स्क्रोल जातं. त्यापेक्षा तिथेच त्या भागाचा हार्डवेअर आयडी (ओळख क्रमांक) पाहायला सांगा: त्यातल्या ‘व्हेन’ (VEN, म्हणजे बनवणारी कंपनी) पुढे ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेलप्रमाणे नेमका ड्रायव्हर घ्यावा.

पैसे देण्याआधी काउंटरवरच ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. उजेड हलत नसेल, तर डिस्प्ले बहुधा अजून ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक’ या विंडोजच्या कामचलाऊ ड्रायव्हरवरच चाललाय.