खोका अस्सल, चेन नकली

खोका अगदी खरा होता. कंपनीचा छापा, होलोग्राम, पार्ट नंबर, सगळं जिथल्या तिथे. नकली होतं ते आतलं. मोटरसायकलचा चेन-गरारीचा सेट (चेन आणि ती फिरवणारी पुढची-मागची दातेरी चाकं) बदलायला काढला असेल तर आधी हे वाचा, कारण खोका निरखून माल घेणाराच यात बरोबर सापडतो.

माझी १५० सीसीची गाडी रोज इंदूरच्या सुदामा नगरातून पीथमपूरला धावते. राऊच्या पुढे ट्रकांची धूळ, पावसाळ्यात चिखल, त्यामुळे चेन लवकर जाते हे धरूनच चालतो. जुनी चेन अ‍ॅडजस्टरच्या शेवटच्या खुणेला टेकली तेव्हा नेहमीच्या मेकॅनिकनं एक दुकान सांगितलं. दुकानदारानं खोका काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "भिया, कंपनी का माल है, आँख मूँद के ले जाओ." मी होलोग्राम तिरपा धरून बघितला, चांगला चमकला. पैसे पूर्ण छापील किमतीचे घेतले, बिल मात्र चिठ्ठीवर: 'सेट १' आणि खाली रक्कम. गाडीचं नाव नाही, पार्ट नंबर नाही, दुकानाचा जीएसटी नंबर तर नाहीच. चेन सोनेरी होती. "ब्रास वाली है," हे वर. गाडीची चेन पितळेची नसते हो. पोलादावर सोनेरी मुलामा असतो. तो गंजाला थोडा अडवतो, ताकद काही वाढवत नाही.

सेट बसवून झाल्यावर मेकॅनिकनं जुनी चेन, जुन्या गराऱ्या आणि रिकामा खोका एकत्र बाजूला सारला. भंगाराचे दोन पैसे त्याला मिळाले तर मिळोत. खोका मात्र मी वॉरंटीच्या नावाखाली उचलला, तर त्याचं तोंड जरा वाकडं झालं. "कचरा है, क्या करोगे?"

नवी चेन सुरुवातीला जराशी सैल पडतेच. ही पडतच राहिली. ताणून घ्यावी, चार दिवसांनी पुन्हा खालून कटकट सुरू. शिवाय साठच्या वेगाला इंजिन पूर्वीपेक्षा जास्त ओरडायला लागलं. मग ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चेन दातांवरून सटकली. गाडी जागच्या जागी, मागे बायको, आणि तिच्या मागे हॉर्न दाबून धरलेला ट्रक. चेन तुटली नाही हे नशीबच म्हणायचं. तुटलेली चेन पुढच्या गरारीपाशी गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फोडते, नाहीतर मागचं चाक जाम करते.

माझा मावसभाऊ टूलरूममध्ये काम करतो. त्यानं चेन उतरवली, रॉकेलमध्ये धुतली, फळीवर ताणून धरली आणि स्टीलची पट्टी लावली. ४२८ नंबरच्या चेनमधला पहिला ४ म्हणजे पिच, दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या अष्टमांशांत: अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. म्हणजे पिनेपासून पिनेपर्यंत २० पिच मोजले की २५४ भरले पाहिजेत. रबरी सील नसलेल्या साध्या चेनची वाढ साधारण २ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, म्हणजे २५९. माझी भरली २६२. चेनच्या बाजूच्या पट्ट्या ताणल्या गेल्या असं आपण समजतो, पण झिजतात त्या आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या म्हणजे बुश, प्रत्येक सांध्यात केसभर.

"दादा, आता कानस फिरव," तो म्हणाला. चांगल्या गरारीचे दात कडक केलेले असतात, त्यावर कानस नुसती घसरते. इथे पहिल्याच हाताला चर्र झालं आणि चकचकीत कीस बोटाला लागला. लोखंड तसंच मऊ ठेवून वर पॉलिश मारलं होतं. दात एका बाजूला वाघनखासारखे वाकलेले. मग त्यानं पुढच्या गरारीचे दात मोजले. खोक्यावर १५, आत १४. मागे ४३ असताना गिअरिंग, म्हणजे मागचे दात भागिले पुढचे, २.८७ वरून ३.०७ वर जातं, आणि त्याच वेगाला इंजिन ७ टक्के जास्त फिरतं. शहरात पिकअप उलट बरा वाटतो, म्हणून संशय येत नाही. कंपनीचं नाव फक्त चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकच्या कडीवर ठोकलेलं, बाकी पट्ट्या कोऱ्या.

मग खोका काढला. झाकणाच्या आत चिकटपट्टीचे दोन थर, खालचा कापलेला. पॅकिंगचा महिना तीन वर्षांपूर्वीचा. किमतीवर स्टिकर, नखानं काढला तर खाली कमी किंमत. किंमत वाढवायला असा स्टिकर लावता येत नाही. कमी करायची असेल तर चालतो, तोही मूळ किंमत न झाकता. रिकाम्या अस्सल खोक्याला गिऱ्हाईक असतं, हे भावानं तेव्हा सांगितलं. मेकॅनिकच्या तोंडाचं कोडं तिथे सुटलं.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "तेल नहीं डाला होगा. घिसने वाले माल की गारंटी नहीं होती." वर म्हणाला, "पक्का बिल दिखाओ." जे त्यानंच दिलं नव्हतं! नोंदणी असलेल्या दुकानदारानं २०० रुपयांच्या वरच्या मालाला बिल द्यायलाच हवं.

नवा सेट मी दुसरीकडे घेतला. खोका काउंटरवरच उघडायला लावला, दात मोजले, पट्टी लावली, पट्ट्यांवरची नावं वाचली. दुकानदार वैतागला, पण पार्ट नंबर घातलेलं बिल मिळालं. ज्याला हे करू द्यायचं नसेल त्याच्याकडून घेऊच नका. नुसती चेन बदलून जुन्या गराऱ्या ठेवू नका, नवी चेनही लवकर खराब होते.

तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. चिठ्ठीचा उपयोग झाला नाही, यूपीआयच्या पावतीचा झाला, कारण तिच्यावर दुकानाचं नाव आणि तारीख दोन्ही आहेत. इथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रारीनंतर दुकानदाराचा फोन आला, "आधे ले लो, बात खतम करो." मी पूर्ण पैसे आणि पक्कं बिल मागितलं. पैशांचं बघतो म्हणाला, बिलाला अजून तयार नाही.